पावाच्या गाडीतला मुक्काम

नियोंजवळ, द्रोम
११ जून १९८७

लेओनी,

फोन करत नाही, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. म्हणून लिहितोय. चुकांवर लाल पेन्सिल फिरवून पत्र परत पाठवू नकोस. शाळेत शिकवणं सोडून तुला दहा वर्षं झाली.

सुखरूप पोचलो. गाडीनं त्रास दिला नाही. ला फेरिएरमध्ये सगळे हसत असतील, की बातिस्त वेदेल पाव विकायच्या गाडीत बिछाना टाकून देश बघायला निघाला. हसू देत. बारा वर्षं ह्या गाडीतून मी मार्जरीदच्या वाड्यावस्त्यांवर पाव पोचवला, आता ती मला पोचवतेय. पावाच्या दोन फळ्या काढून पलंग केलाय, उरलेल्या फळ्यांवर कपडे. एक शेगडी, एक पाण्याचा कॅन. रस्ता खडबडीत असला की पत्र्याच्या सांध्यांतून अजून पीठ झरतं. सकाळी आरशात बघतो तर भुवया पांढऱ्या.

तंबू-गाड्या लावायचं कॅम्पिंग इथल्या गावाचंच आहे, फुटबॉलच्या मैदानाला लागून, भोवती जर्दाळूच्या बागा. शेजारी एक डच जोडपं आहे, संध्याकाळी सहालाच जेवून घेतं. सकाळी आठला पावाची गाडी येते. तिचा हॉर्न वाजला की मी ताडकन उठून उभा राहतो, मग आठवतं की आता मी गिऱ्हाईक. पाव अगदी वाईट. आतून कच्चट.

क्लेमांसला फिरायचं होतं. ‘दुकान विकलं की जाऊ’ असं मी तिला किती वर्षं म्हणत होतो कोण जाणे. दुकान विकलं जानेवारीत, ती गेली फेब्रुवारीत. म्हणून निघालो. तीन आठवड्यांत परत येईन. तिच्या कबरीवरच्या कुंड्यांना पाणी घाल.

लिहायचं तर नियोंच्या पोस्टात माझ्या नावानं पाठव, ते ठेवून घेतात.

बातिस्त

•

ला फेरिएर
१८ जून १९८७

बातिस्त,

अकरा चुका आहेत. पेन्सिल उचलली होती, परत ठेवली.

कुंड्यांना पाणी घालतेय. तुझ्या दुकानातलं नवं पोरगं पाव बरा करतं, पण कवच तुझ्यासारखं येत नाही. हे त्याला सांगितलं नाही, तुला सांगतेय, म्हणजे फुगून बसशील.

आता मला एक सांग. क्लेमांसला समुद्र बघायचा होता. तिच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं एकच कॅलेंडर लटकत होतं, त्यावरचा समुद्र आपण सगळ्यांनी पाठ केला होता. मग तू समुद्राकडे पाठ करून जर्दाळूच्या बागांत काय करतोयस? तुला जर्दाळू आवडत नाहीत. लहानपणी आई द्यायची ते तू कोंबड्यांना टाकायचास.

आणि निघण्याआधी माझ्या घराच्या पायऱ्या चढताना तू दोनदा थांबलास. मी खिडकीतून बघत होते. सहासष्ट वर्षांच्या माणसानं एकट्यानं असं भटकू नये. खरं काय ते लिही, नाहीतर परत ये.

लेओनी

•

नियोंजवळ
२७ जून १९८७

लेओनी,

तुझ्यापुढे मला कधी खोटं टिकवता आलं नाही. मी तिएरीला शोधतोय.

क्लेमांसचे कपडे आवरताना तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, एक फोटो सापडला. दाढी वाढवलीय, वाळलाय, पण आपलाच तिएरी. हातात जर्दाळूंची पेटी, मागे तंबू, आणि एक पाटी. तिच्यावर ‘कॅम्पिंग’ आणि ‘द्रोम’ एवढंच वाचता येतं. मागे त्याच्या अक्षरात लिहिलंय, ‘उन्हाळा ८४. मी बरा आहे.’ तीन वर्षं तो फोटो माझ्या घरात होता आणि मला माहीत नाही! टपालवाला तर सगळी पत्रं माझ्याच हातात द्यायचा.

फळं तोडायला येणारी पोरंपोरी इथल्या कॅम्पिंगांत एका टोकाला तंबू ठोकतात. मी संध्याकाळी जातो, फोटो दाखवतो. सात कॅम्पिंगं झाली. आधी त्यांना वाटतं म्हातारा पोलीस आहे. काल एक पोर्तुगीज फोटो बघून म्हणाला, ‘हा? तिएरी. भला माणूस. तीन वर्षं झाली, इकडे येत नाही.’ कुठे गेला ते त्याला ठाऊक नव्हतं. पण ‘भला माणूस’ म्हणाला.

तू म्हणशील, आता कशाला. नऊ वर्षांपूर्वी मीच त्याला म्हटलं होतं, तोंड दाखवू नकोस. म्हटलं होतं. भट्टीवर उभं राहायचं नाही म्हणून खोकल्याचं नाटक करणाऱ्या पोराला कुठला बाप दुसरं काय म्हणेल? आपल्या बापानं मला जे केलं त्याच्या अर्धंही मी त्याला केलं नाही. पण त्याची आई गेली आणि त्याला ते माहीत नाही, हे मला सहन होत नाही. तो मातीला आला नाही तेव्हा गावातले लोक माझ्याकडे बघत होते. भेटला तर एवढंच सांगेन, की तुझी आई गेली. मग परत येईन.

क्लेमांस दर गुरुवारी इस्त्री करायला तुझ्याकडे यायची. तिएरीबद्दल कधी काही बोलली का? आठवून बघ.

बातिस्त

•

ला फेरिएर
३ जुलै १९८७

बातिस्त,

आठवून बघितलं. एकदा, खूप मागे, क्लेमांस म्हणाली होती की तो ब्रतान्यला गेला असावा, समुद्रकाठी, कांदे काढायच्या कामावर. कुणाकडून कळलं ते मला माहीत नाही. सें-पोल गावाचं नाव घेतलं होतं बहुतेक.

लांब आहे. जायलाच हवं असं नाही. पण गेलास तर निदान समुद्र तरी बघशील. रोज तीन तासांच्या वर गाडी चालवू नकोस.

लेओनी

•

सें-पोलजवळ, ब्रतान्य
३० जुलै १९८७

लेओनी,

तुझे उपकार कसे फेडू? इतकी वर्षं मनात राहिलेली एवढीशी गोष्ट तू शोधून काढलीस.

नऊ दिवसांत आलो. समुद्र बघितला. कॅम्पिंग अगदी बांधावर आहे, ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की वाटतं आता येत नाही. क्लेमांस असती तर बूट काढून गेली असती. मी नाही गेलो.

तिएरी इथं नाही. कांद्याच्या शेतांतून फिरलो, बायका कांद्यांच्या वेण्या घालत बसलेल्या असतात तिथं फोटो दाखवला. कुणी ओळखलं नाही. पण आज मी त्यासाठी लिहीत नाहीये.

मागच्या मंगळवारी भांडी घासायच्या हौदापाशी मला दम लागला. असा लागला की बादली हातातून सुटली आणि मी खाली बसलो. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी, रबरी बूट घातलेली. तिनं छाती तपासली आणि विचारलं,

‘काम काय करायचात?’

‘पाव.’

‘किती वर्षं?’

‘बावन्न.’

‘मग बरोबर. पिठानं होतं हे. तुम्हाला उशिरा झालं, नशीबवान आहात. काही पोरांना भट्टीवर दोन वर्षंही काढता येत नाहीत. पीठ उडालं की श्वास बंद.’

मी म्हटलं, ‘खोकतात का ती?’

‘खोकतात, छातीतून शिट्टी वाजते, ओठ निळे पडतात. घरच्यांना वाटतं कामचुकार आहे.’

ती सहज बोलली गं. तिला काय माहीत.

तुला तो रविवार आठवतो. चर्च सुटलं होतं, दुकानात रांग होती, तू तिसरी उभी होतीस. तिएरी आतून पोतं घेऊन आला आणि गल्ल्याला धरून खोकायला लागला. सगळ्यांच्या समोर. मला लाज वाटली. मी पिठाचं माप भरलं आणि त्याच्या डोक्यावर ओतलं. म्हटलं, ‘घे, सवय होईल.’ दोनतीन जण हसले. तो तसाच पांढराफटक बाहेर गेला आणि दुकानाच्या पायरीवर ओणवा बसला. मी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय देऊ.

त्याचे ओठ निळे होते, लेओनी. मी बघितले होते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की ते पांढऱ्या पिठामुळे तसे दिसले.

आता मला त्याला फक्त आईचं सांगायचं नाहीये. उत्तरेकडे अजून दोन कॅम्पिंगं आहेत, तिथं विचारतो. डॉक्टरनं फवाऱ्याचं औषध दिलंय, काळजी करू नकोस.

बातिस्त

•

ला फेरिएर
६ ऑगस्ट १९८७

बातिस्त,

तुझं पत्र आल्यापासून हे चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन चुलीत गेली.

उत्तरेकडच्या कॅम्पिंगांत जाऊ नकोस. तिएरी ब्रतान्यमध्ये कधीच नव्हता. मी खोटं लिहिलं.

तिएरी नऊ वर्षं मला पत्रं लिहीत होता. म्हणजे माझ्या पत्त्यावर, क्लेमांसला. ती गुरुवारी इस्त्री करायला यायची नाही, वाचायला यायची. उत्तर माझ्या टेबलावर बसून लिहायची. इस्त्री मी करायची. तो फोटोही तसाच आला. तुला सांगावं असं तिला पहिल्या वर्षी दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तू जेवताना त्याचं नाव निघाल्यावर ताट सारून उठलास. मग तिनं तो विचार सोडला.

ती आजारी पडली तेव्हा मी त्याला कळवलं, पण एवढ्यात काही होणार नाही असं लिहिलं. शेवटच्या आठवड्यात मला कळत होतं. त्याला बोलवायला हवं होतं. पण बुधवारी संध्याकाळी तू जिन्यात मला म्हणालास, ‘तो ह्या घरात आला तर मी बाहेर पडेन.’ मी थांबले. माती झाल्यावर त्याला लिहिलं. क्लेमांसनं काही विचारलं नाही, तिला शेवटी धड भान नव्हतं. एवढी एक गोष्ट बरी झाली.

तिएरीचं उत्तर तीन ओळींचं होतं. ‘मी कुठे आहे ते त्याला सांगायचं नाही, आणि तूही आता लिहू नकोस.’ म्हणून तू फोटोबद्दल विचारलंस तेव्हा मी तुला त्याच्यापासून जेवढं लांब पाठवता येईल तेवढं पाठवलं. दिलेला शब्द पाळत होते असं मी स्वतःला म्हणत होते. पण तुम्ही दोघं भेटलात की माझं सगळं उघडं पडेल, ही भीतीही होती.

तू आजारी, सातशे किलोमीटर लांब, कांद्याच्या शेतांतून फोटो घेऊन फिरतोयस आणि माझे उपकार मानतोयस. मला ते वाचवेना.

तो कुठे आहे ते त्याला विचारल्याशिवाय आत्ताही सांगणार नाही. आज त्याला पत्र टाकलंय. तुझं पत्र त्यात घातलंय, मूळचंच. सें-पोलमध्ये थांब.

तुझी बहीण,
लेओनी

•

सें-पोलजवळ
१९ ऑगस्ट १९८७

मादमोआझेल वेदेल,

गावातली सगळी माणसं तुम्हाला असंच म्हणतात, आजपासून मीही म्हणतो.

पत्र मिळालं. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून तुम्ही दोघींनी नऊ वर्षं मला आंधळं ठेवलंत. तिच्याशी आता भांडता येत नाही.

थांबलो आहे, कारण दुसरं करण्यासारखं काही नाही. कळवण्यासारखं असेल तेवढंच कळवा.

बा. वेदेल

•

सें-जेलार, लोत नदीकाठ
३१ ऑगस्ट १९८७

लेओनी आत्या,

लिहू नकोस म्हटलं होतं तरी लिहिलंस. पाकीट आठ दिवस ऑफिसच्या खणात पडून होतं. मोसम ऐन भरात होता, कॅम्पिंगमध्ये पासष्ट तंबू, एका बाजूचा नळ फुटलेला. हे कारण नाही. मला फोडायचं नव्हतं.

तुझ्या भावाचं पत्र वाचलं. डॉक्टरचं वाक्य आलं तिथं थांबलो. मला हेच शब्द एका डॉक्टरनं सांगितले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हा वाटलं होतं, हा कागद घेऊन जावं आणि दुकानाच्या काचेवर चिकटवावा. मग आईनं लिहिलं, येऊ नकोस, ते ऐकायचे नाहीत.

मला वाटलं होतं की असं पत्र आलं तर आनंद होईल. झाला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून बादली सुटली, एवढंच डोळ्यांपुढे येत राहिलं.

सांगायचं तर सांग. तीन वर्षांपासून मी ह्या गावाच्या कॅम्पिंगचा राखणदार आहे. फाटक सगळ्यांना उघडं असतं, येईल त्याला जागा देणं हे माझं काम आहे. मी त्याला शोधायला जाणार नाही आणि तो आला तर पळूनही जाणार नाही. ह्याच्यापुढचं मला विचारू नकोस.

तुझ्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

तिएरी

•

सें-जेलार
२० सप्टेंबर १९८७

लेओनी,

मागच्या पत्रात तुला जे म्हटलं ते परत घेतो. राग गेला असं समजू नकोस, आहे. पण राग धरून ठेवला तर काय होतं ते मी इथं रोज बघतोय, म्हणून लिहितो.

तू त्याचं पत्रच माझ्याकडे पाठवलंस ते बरं केलंस. सहा दिवसांत आलो. लोत नदी मेंदच्या पुलाखाली आपण बघतो ती केवढीशी, इथं तीच एवढी रुंद. तो नऊ वर्षांतली तीन आपल्याच नदीच्या काठावर होता.

८ तारखेला, मंगळवारी दुपारी, फाटकापाशी गाडी उभी केली. मोसम संपलेला, आत तीनच गाड्या. तो खिडकीत बसून काहीतरी लिहीत होता.

‘नाव?’ मान वर न करता म्हणाला. मग मान वर केली.

 त्यानं माझं नाव स्वतःच लिहिलं. गाडीचा नंबर उठून बघून आला, तोही लिहिला.

‘किती रात्री?’

‘तू म्हणशील तेवढ्या.’

‘असं चालत नाही. वहीत आकडा लिहावा लागतो.’

‘एक लिही.’

त्यानं एक लिहिला आणि मला नदीकडची, त्याच्या खोलीपासून सगळ्यांत लांबची जागा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ‘आज निघताय की अजून एक?’ म्हटलं, ‘अजून एक.’ त्यानंतर रोज सकाळी येतो, हेच विचारतो, मी हेच सांगतो. मला ‘तुम्ही’ म्हणतो, पर्यटकांना म्हणतो तसं. आज बारावा दिवस.

तिसऱ्या दिवशी तो हौदाची मोरी साफ करत होता. मी जाऊन उभा राहिलो.

‘तिएरी, तुला दम लागायचा ते खरं होतं.’

‘मला माहीत होतं.’

‘मला नव्हतं.’

‘तुम्ही विचारलंत का कधी?’

मी म्हटलं, ‘नाही.’ तो मोरीत हात घालून तसाच बसला. मी म्हटलं, ‘त्या रविवारी तुझे ओठ निळे होते. मी बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाव दिला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आता लेओनीला लिहिलं आणि तुला सांगतोय.’ त्यानं मोरीतून हात बाहेर काढला. मग म्हणाला, ‘बाजूला व्हा, पाणी सोडायचंय.’

पाचव्या दिवशी गॅसची टाकी द्यायला माझ्या गाडीत चढला. दोन मिनिटंही झाली नसतील. आतून ती शिट्टी ऐकू आली, छातीतली. उडी मारून बाहेर आला आणि गवतावर ओणवा. खिशातून फवारा काढला, ओढला. मी पुढे झालो तर हातानं लांब राहा म्हणाला. आपलं पोर माझ्या पिठानं गुदमरताना मी दुसऱ्यांदा बघितलं. ह्या वेळी दुकान नव्हतं, रांग नव्हती, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्या काढल्या. पत्रे सोडवले. सांध्यासांध्यातून ताटभर पीठ निघालं, पिवळं पडलेलं. नदीचं पाणी आणून आणून धुतलं. दम लागला की बसायचो, मग पुन्हा. तो लांबून बघत होता. दुपारी एक लांब दांड्याचा ब्रश आणून गाडीच्या टपावर ठेवला आणि गेला.

आता मुद्द्याचं. परवा संध्याकाळी तो खुर्ची घेऊन माझ्या जागेवर आला आणि म्हणाला, ‘आई कशी गेली?’

मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं की मला माहीतच नाही. तो आठवडाभर मी खाली नव्या माणसाला भट्टी शिकवत होतो. त्याला शिकवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मला वर जायचा धीर नव्हता. दिवसातून दोनदा जायचो, दारात उभा राहायचो. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग कोण होतं?’ मी म्हटलं, ‘तुझी आत्या.’

तो म्हणाला, ‘तिला लिहायला सांगा. सोमवारपासून शनिवारपर्यंत. एकेक दिवस.’

लिही, लेओनी. तुझं अक्षर चांगलं आहे.

बातिस्त

•

ला फेरिएर
११ ऑक्टोबर १९८७

तिएरी,

तीन आठवडे घेतले. तुझ्या बाबांना वाटलं असेल मी आजारी पडले.

सोमवारी बर्फ पडत होतं. तुझ्या आईनं चार चमचे सूप घेतलं आणि मिठाची चव नाही म्हणून मला बोलली. मंगळवारी डॉक्टर येऊन गेले. जिना उतरताना मला म्हणाले, हा आठवडा. तुझ्या बाबांनाही हेच सांगितलं. ते भट्टीकडे निघून गेले.

बुधवारी सकाळी तुझं पत्र आलं. तू विचारलं होतंस, ती खरंच बरी आहे का, मी येऊ का? मी ते शालीआड लपवून तिच्या खोलीत नेलं आणि वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘त्याला लिही, निघ म्हणावं.’ मी म्हटलं, ‘लिहिते.’

तुझ्या बाबांना मी लिहिलं होतं की तिला धड भान नव्हतं, तिनं काही विचारलं नाही. ते खोटं आहे. तिला शनिवारपर्यंत पूर्ण शुद्ध होती.

बुधवारी संध्याकाळी तुझे बाबा जिन्यात मला म्हणाले, ‘तो ह्या घरात आला तर मी बाहेर पडेन.’ मी घरी गेले. तारेचा मजकूर लिहिला, चार शब्दांचा. टेबलावर ठेवला. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पोस्ट उघडं होतं. माझ्या दारापासून ऐंशी पावलं. मी गेले नाही.

गुरुवारी तिनं विचारलं, ‘कळवलंस?’ मी म्हटलं, ‘कळवलं.’

शुक्रवारी ती म्हणाली, पलंग खिडकीकडे फिरवा. तुझ्या बाबांनी आणि मी मिळून फिरवला. त्यांना वाटलं तिला उजेड हवाय. त्या खिडकीतून मेंदचा रस्ता दिसतो. दिवसभर ती तिकडे बघत होती. दुपारी मला म्हणाली, केस विंचर. विंचरताना म्हणाली, ‘तो आला की बातिस्तला काही बोलू नकोस. त्या दोघांचं ते बघतील.’

शनिवारी दहाच्या सुमाराला दुकानासमोर गाडी थांबली. तिनं उशीवरून मान उचलली. स्वतःहून, कुणी हात न लावता. मी खिडकीतून बघितलं. पिठाच्या गिरणीचा माणूस होता. मी म्हटलं, ‘तो नाही.’ ती म्हणाली, ‘बर्फ आहे, उशीर होणारच.’ त्यानंतर काही बोलली नाही. साडेबारा वाजता गेली. तुझे बाबा दारात होते.

आठ महिने मी स्वतःला सांगत आले की मला बातिस्तची भीती वाटली. ते खरं नाही. मी त्याला लहानपणापासून दटावत आलेय. मला भीती वाटली ती तुम्ही दोघं समोरासमोर आल्यावर मला कुणाच्या तरी बाजूला उभं राहावं लागेल ह्याची. त्या रविवारी रांगेत मी तिसरी होते. तेव्हाही नुसतीच उभी राहिले, आणि मग पाव घेऊन घरी गेले. पस्तीस वर्षं मी ह्या गावच्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं.

क्षमा मागत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं, आणि सगळं लिहिलं.

तीन आठवड्यांनी सर्व संतांचा दिवस. गाव कबरींवर शेवंती ठेवायला जाईल. आदल्या दिवशी मेंदहून बस सव्वाअकराला येते. मी थांब्यावर उभी राहीन. तू उतरला नाहीस तर मला कळेल.

लेओनी आत्या

•

सें-जेलार
२२ ऑक्टोबर १९८७

आत्या,

पत्र मिळालं. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचता आलं नाही.

बाबांना दिलं. ते नदीकडे घेऊन गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. बघायला गेलो तर काठावर बसले होते. म्हणाले, ‘पलंगाची एक बाजू मी धरली होती रे.’ तेवढंच म्हणाले. मी त्यांच्याशेजारी बसलो. मग अंधार पडायला लागला म्हणून दोघंही उठलो.

मनातलं सगळं गेलं असं लिहिता येत नाही. ती खिडकीतून बघत होती आणि मी इथं तंबूंच्या जागांवर खडी टाकत होतो, हे मला रोज सकाळी उठल्याबरोबर आठवतं. कदाचित पुढेही आठवेल. पण ती वाट बघत होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की तिनं मला बोलावलंच नाही. ते आता वाटत नाही. हे तू लिहिलं नसतंस तर मला कुणीच सांगितलं नसतं.

कॅम्पिंग एकोणतीसला बंद होतं. नळ सोडवायचे आहेत, बाबा मदत करतायत, म्हणजे सूचना देतायत. एकतीसला पहाटे निघू, त्यांच्याच गाडीनं. गाडी आता स्वच्छ आहे, तरी मी काच उघडी ठेवणार. मधे दोनतीनदा थांबावं लागेल. दोघांपैकी कुणाला ना कुणाला दम लागतोच.

दुकानाच्या वरच्या घरात मला झोपता येणार नाही. तुझ्याकडे खोली असेल तर तुझ्याकडे उतरतो. शेवंती इथून आणतोय, पिवळी. तिला पांढरी आवडायची नाही, हे तुम्हा दोघांपैकी कुणाला आठवतं का ते माहीत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

आणि थांब्यावर उभी राहू नकोस. आम्ही बसनं येत नाही, आणि तिकडे थंडी पडली असेल. घरातच थांब.

तिएरी